मफलर गुंडाळला का?

"नमस्कार. मी प्रिया बोलतेय. आपल्या व्यवसायाला अचूक वजनाची साथ लाभावी, हीच आमची सदिच्छा. इथे हलकेच हसावे."

वाक्य तोंडातून गेलं आणि राजेश्रीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कागदावर कंसात लिहिलेलं वाचायचं नसतं, करायचं असतं, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आणि तिनं कंसातलंही वाचून टाकलं होतं... तेही किती गोड आवाजात!

पलीकडं लांब कुठंतरी म्हैस हंबरली. कुणीतरी पोतं जमिनीवर आदळलं.

"मंग हसा की," एक पुरुषी आवाज म्हणाला.

"अं?"

"हलकंच हसा. मी थांबतो. घाई न्हाई मला."

राजेश्रीनं घाईघाईनं कागद उलटला. 'ग्राहक नको म्हणाला तर' होतं, 'ग्राहक चिडला तर' होतं, 'नंतर फोन करा म्हणाला तर' तर दोन प्रकारे होतं. पण ग्राहक हसायला सांगत थांबून राहिला तर काय करायचं, हे कुणी लिहिलेलंच नव्हतं. आणि तो तर आता स्वतःच हसायला लागला होता, अगदी मोकळं, पोटातून.

"हसू नका हो! मला लय लाज वाटायली!" ती बोलून गेली.

"हां... आता बोललाव बगा माणसावानी. कुठल्या तुमी? आमच्याकडच्याच दिसायलाव."

तिनं फोन ठेवून दिला. आपण होऊन फोन ठेवायचा नाही, हा नियमही त्याच दिवशी शिकवलेला होता.

राजेश्री चुडाव्याची. रोज सकाळच्या गाडीनं परभणीला यायची आणि एका वजनकाटे विकणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात कानाला हेडफोन लावून बसायची. जिल्ह्यातल्या दुकानदारांना फोन करून इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायला लावायचं, हे काम. तिथं बसणाऱ्या सगळ्या मुलींचं फोनवरचं नाव प्रिया. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपल्याशी नेहमी एकच मॅडम बोलतात. त्यातल्या त्यात संघप्रिया नावाची पोरगीच काय ती निम्मं खरं सांगायची, यावरून रोज डबा खाताना हशा व्हायचा.

खरं सांगायचं तर राजेश्रीला तो कागद फार आवडायचा. नांदेडला कॉलेजात असताना एकदा ती वर्गापुढं उभी राहून "आमी असं करायलाव, तसं करायलाव" म्हणत माहिती सांगत होती आणि सगळा वर्ग खिदळला होता. सरसुद्धा! त्या दिवसापासून चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की ती कुणाच्या तरी पाठीमागं सरकायची. कागदावरची वाक्यं कशी स्वच्छ, इस्त्री केलेली. ती कुणाच्या गावची नव्हती, म्हणून त्यांना कुणी हसत नव्हतं. त्यांच्यामागं लपून बसता यायचं.

आणि आज कुण्या सोनपेठच्या पेंडवाल्यानं तिला नेमकं तिथून ओढून बाहेर काढलं होतं. रात्री भाकरी खाताना तिला पुन्हा ते हसणं ऐकू आलं आणि ती घासासकट लाजली. राग यायला हवा होता. तो काही केल्या येईना.

दोन-चार दिवसांनी यादीत फॉलोअपसाठी तोच नंबर वर आला. योगीराज, सरकी पेंडीचं दुकान, सोनपेठ. तिनं कागद समोर नीट धरला, घसा खाकरला.

"नमस्कार. मी प्रिया..."

"आज हसायचं हाय का न्हाई?"

झालं! कागद खाली ठेवावाच लागला.

"काटा घ्यायचा इचार केला का?" तिनं सरळ विचारलं.

"करायलोय."

"आजून करायलाव?"

"इचार संपला तर तुमचा फोन बी संपल न्हाई का," तो म्हणाला. "मंग कामून घाई करू मी?"

शेजारच्या खुर्चीवरच्या भक्तीनं मान वळवून पाहिलं, कारण राजेश्रीच्या गालावर काहीतरी फुललं होतं आणि ते कंपनीच्या शिकवणीतलं नक्कीच नव्हतं.

मग फॉलोअप होतच राहिला. कंपनीला वाटायचं काट्याचा, आणि बोलणं चालायचं जगभराचं. तो बोलता बोलता गिऱ्हाइकाला पेंड मोजून द्यायचा, "थांबा हं, ठेवू नका" म्हणायचा आणि ती कानात दुकानाचे आवाज ऐकत थांबायची. फावड्याचा आवाज, दोरी ओढल्याचा आवाज, कुण्या म्हाताऱ्याची कुरकुर. कधीही न पाहिलेलं ते दुकान तिला घरासारखं पाठ झालं. तिच्या मनात तो चांगला धिप्पाड, झुपकेदार मिशांचा होता.

"तुमचा काटा लय अचूक म्हणायलाव," एकदा तो म्हणाला. "मंग एक सांगा. तुमी फोन ठेवल्यावर दुकानात जे सुनंसुनं वाटतंय, त्याचं वजन होतंय का त्याच्यावर?"

"त्याला..." ती अडखळली, "त्याला मोठा काटा लागंल."

"कोन बनवतंय तसला?"

"चौकशी करून सांगते..." म्हणत तिनं फोन ठेवला आणि हेडफोन काढून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भक्ती तर खुर्चीवरून पडायचीच बाकी होती.

पौषात थंडीनं कहर केला. परभणीची थंडी हाडात शिरते. त्या दिवशी त्याचा आवाज घोगरा येत होता.

"घसा बसलाय," तो म्हणाला.

"मफलर गुंडाळला का?"

"न्हाई."

"कामून? म्हशीच्या पाठीवर पोतं टाकताव अन् सोताला मफलर न्हाई? एवढ्या सकाळी दुकान उघडायलाव, कानाला वारं लागतंय, कळतंय का काही? जेवलाव तरी का?"

ती थांबली. पलीकडं फावड्याचा आवाज बंद झाला होता.

"रागावलाव का?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई..." तो म्हणाला. "मफलर शोधायलोय."

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "एक इचारू? तुमच्या आवाजाला प्रिया हे नाव बसत न्हाई. खरं नाव काय तुमचं?"

नियम कितीतरी होते आणि त्यातला हा सगळ्यात पक्का. खरं नाव सांगायचं नाही, स्वतःचा नंबर द्यायचा नाही. नंबर तिनं कधी दिला नव्हता, त्यानं मागितलाही नव्हता. पण नाव... नाव तिच्या ओठांवर येऊन थांबलं होतं, आणि तिनं त्याला अडवलं नाही.

"राजेश्री. कुणाला सांगू नका."

"कुणाला सांगू? म्हशीला?" असं म्हणून तो हसला, आणि मग हसणं थांबवून अगदी सावकाश म्हणाला, "राजेश्री..."

जन्मापासून ऐकलेलं स्वतःचं नाव तिला त्या दिवशी नवं वाटलं.

योगीराजनं काटा घेतला. नुसता घेऊन थांबला नाही, तर सगळ्या बाजारात सांगत सुटला की परभणीला एक मॅडम हायेत, फसवत न्हाईत, चांगलं बोलतेत, तुमी बी घ्या. किराणावाल्यानं घेतला, भुसारवाल्यानं घेतला. सोनपेठचं नाव कंपनीच्या फळ्यावर वरती जाऊन बसलं. आणि तिथूनच सगळा घोटाळा झाला.

भुजंग सरांनी तिला आत बोलावलं. सर कार्यालयाचे प्रमुख. राजेश्री आत गेली ती नोकरी गेली असं समजूनच. टेबलावर संगणकात तिचा आणि योगीराजचा आवाज चालू होता. सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात, हे तिला माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टी माणूस कसा सोयीनं विसरतो!

"हे असं बोलायला कुठं शिकलीस?" सरांनी विचारलं.

"घरी," ती पुटपुटली.

"अगं, आपल्या त्या कागदानं दहा वर्षांत जे जमलं नाही, ते तू करून दाखवलंस. लोकांना वाचलेलं नको असतं, बोललेलं हवं असतं. सोनं आहे हे, सोनं! उद्या सगळ्यांना ऐकवू?"

नाही म्हणता आलं असतं. सर वाईट माणूस नव्हते, त्यांनी ऐकलंही असतं. पण जिच्या बोलण्याला अख्खा वर्ग हसला होता, तिच्या त्याच बोलण्याला कुणीतरी सोनं म्हणत होतं. राजेश्रीच्या छातीत काहीतरी फुगलं. त्या फुगण्यात योगीराज तिला आठवलाच नाही.

"ऐकवा की, सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या स्पीकरमधून तिचाच आवाज खोलीभर पसरला. मफलर गुंडाळला का? पोरी खुसूखुसू हसल्या. मग योगीराजचा घोगरा आवाज आला, "मफलर शोधायलोय." त्यानंतर ती छोटी शांतता आली, जी तिनं किती तरी रात्री एकटीनं पुन्हा पुन्हा आठवली होती. आणि मग सगळ्यांसमोर, पंख्याच्या घरघरीत, तो सावकाश म्हणाला, "राजेश्री..."

"ओहोहो!" पोरींनी टाळ्या वाजवल्या.

राजेश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एखाद्यानं विश्वासानं आपल्या हातात काही द्यावं आणि आपण ते चव्हाट्यावर मांडावं, तसं झालं होतं. पण परवानगी तिनंच दिली होती. म्हणून तीही इतरांबरोबर हसली, आणि त्या हसण्याची लाज तिला सगळ्यात जास्त वाटली.

आठवड्यात नवा कागद छापून आला. "(काळजीच्या सुरात) मफलर गुंडाळला का? जेवलाव तरी का?" त्याखाली, "(जरा थांबून, हळू आवाजात) माझं खरं नाव प्रिया नाही. कुणाला सांगू नका." आणि पुढं सूचना, की प्रत्येकीनं आपापल्या आवडीचं एक खरं नाव ठरवून घ्यावं.

"सर, ते नावाचं तेवढं काढा ना," तिनं विनवलं.

"अगं वेडी का तू? तिथंच तर गिऱ्हाईक विरघळतं!"

ती गप्प बसली. या गप्प बसण्याचीही पुढं तिला लाज वाटायची होती.

एक दिवस भक्ती हेडफोन काढून हसत हसत तिच्याकडं वळली. "राजे, तुझ्या सोनपेठला फोन लावला होता आज. कुणी भागवतशेठ म्हणून कापडवाले. मी म्हणलं मफलर गुंडाळला का, तर म्हातारा म्हणतो, माझं मफलरचंच दुकान हाय! स्पीकर चालू होता वाटतं त्यांचा, सगळा बाजार हसायलेला. मी नाव सांगितलं निकिता. तर मागून कोण तरी ओरडलं, आरं, ही तर योगीराजची प्रिया! योगीराज, तुझी प्रिया सगळ्यांनाच मफलर गुंडाळायली की रं! मंग लय वेळ..."

भक्तीचं हसू अर्ध्यातच विरलं. राजेश्रीचा चेहरा पाहवत नव्हता.

"अगं... मला काय ठाव, राजे..."

भक्तीची काय चूक? कागद वाचला तिनं, बस्स.

राजेश्रीनं लगेच नंबर लावला. दोनदा कुणी उचललाच नाही. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. म्हैस नाही, फावडं नाही, काही नाही.

"योगीराज, मी..."

"नमस्कार," तो म्हणाला. तेवढ्या एका शब्दानं तिच्या अंगावर काटा आला. "मला आपल्या मालात रस नाही. आपण फोन केल्याबद्दल आभारी आहे."

"असं नका ना बोलू... मी राजेश्री बोलायले."

"व्हय का," आता तो त्याच्या आवाजात बोलला आणि ते जास्त लागलं. "भागवतशेठच्या प्रियाचं खरं नाव निकिता हाय म्हणं. किराणावाल्याच्या प्रियाचं आरती. तुमच्याकडं नावांचा ढीग असंल. मला बाजारात तोंड दाखवायला जागा न्हाई ठेवली तुमी. मफलर म्हणतेत मला लोक."

"ते सगळं माझं बोलणं होतं, खरं होतं. त्यांनी माझ्याकडून..."

"हे बी कागदावर हाय का?"

फोन बंद झाला. ती हेडफोन कानाला तसाच लावून बसून राहिली. खरं बोलणं आता कशानं सिद्ध करायचं? जे जे म्हणून ती म्हणणार होती ते ते पाच-सहा पोरी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत म्हणत होत्या, थांबायच्या जागी थांबून, हळू व्हायच्या जागी हळू होऊन.

त्यानं तो नंबरच बंद करून टाकला. ती रडली, सरांकडं गेली, "माझा आवाज पुसून टाका" म्हणाली. सर खजील झाले, तरी म्हणाले, "पण तू हो म्हणाली होतीस ना, राजेश्री?" हो म्हणाली होतीच.

मग आठवडी बाजाराचा दिवस गाठून तिनं रजा टाकली आणि सोनपेठच्या एसटीत बसली. फोनवरचं बोलणं संपलं होतं, उरलं होतं ते समोरासमोरचं. वाटेत ऊस भरलेल्या गाड्यांमागून एसटी रखडत होती आणि ती खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवत होती. 'माझं चुकलं.' चांगलं होतं, पण त्याच्याआधी आपोआप कंस यायचा, 'पश्चात्तापाच्या सुरात'. 'माझ्यावर विश्वास ठेवा.' हे तर जुन्या कागदावर पहिल्याच पानावर होतं! शेवटी तिनं वाक्यं जुळवायचं सोडून दिलं.

बाजार ऐन भरात होता. पालं लागली होती, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं जात होतं, माणसाला माणूस खेटत होता. एका भाजीवालीनं तिला पेंडीचं दुकान दाखवलं. दुकानाच्या ओट्यावर एक सडपातळ, सावळा तरुण घमेल्यानं पेंड ओतत होता. मिशा म्हणाव्या तर नुकत्याच आलेल्या. शेजारी बाकड्यावर तीन-चार दुकानदार चहा पीत बसले होते.

"योगीराज?"

चेहऱ्याआधी त्यानं आवाज ओळखला. घमेलं हातातच राहिलं. त्यानं वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत जे क्षणभर उजळलं ते तिनं पाहिलं. मग त्यानं ते विझवलं, तेही तिनं पाहिलं.

"काय पायजे?" त्यानं विचारलं.

"योगीराज, पाव्हणी कोन?" बाकड्यावरून एका जाड चष्म्याच्या माणसानं विचारलं. कापडाच्या दुकानाची मोजपट्टी त्यांच्या गळ्यात होती. भागवतशेठ हेच, हे तिला सांगावं लागलं नाही.

"गिऱ्हाईक हाय, शेठ," खाली बघत योगीराज म्हणाला.

तिला तिथूनच परत फिरता आलं असतं. पाव किलो पेंड मागावी, पिशवीत घ्यावी आणि निघून जावं. कुणाला काही कळलं नसतं. चार माणसांत बोलायचं, ते आपल्या बोलीत, आणि तेही हे! पण याच बाकड्यावर लोक त्याला हसले असतील, तिच्यामुळं. एकट्यात माफी मागून त्याचं काय भागणार होतं?

ती बाकड्याकडं वळली.

"मी गिऱ्हाईक न्हाई," ती म्हणाली. "मी प्रिया."

"मफलरवाली?" कुणीतरी म्हणालं आणि चहा कुणाच्या तरी नाकात गेला. हशा उसळला. येणारे-जाणारे थांबले. एक बाई तर मेथीची जुडी हातात धरून नुसती बघत उभी राहिली.

"हसा," राजेश्री म्हणाली. "पर मला हसा, त्यांना नका हसू. काकाजी, तुमाला मफलरचं इचारलं ती पोरगी कागद वाचायली होती. त्या कागदावरचं बोलणं माझं हाय. मी ते पयल्यांदा यांच्याशी बोलले, तवा कुठंच लिवलेलं न्हवतं. यांचा घसा बसला होता, मला काळजी वाटली, मी बोलले. मंग आमच्या सरांनी इचारलं, सगळ्यांना ऐकवू का, तर मी व्हय म्हणले. माझं कौतुक व्हायलंय म्हणून भुलले मी. यांना इचारलं बी न्हाई. यांना कुणी फसवलं न्हाई. तुमाला जे आलं ते उष्टं आलं. यांना आलं ते खरं होतं. लाज वाटायची तर ती मला वाटू द्या... मला वाटायलीच हाय."

एवढं एका दमात बोलून तिला धाप लागली. आता कुणी हसत नव्हतं. भागवतशेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पर पोरी," ते जरा अवघडून म्हणाले, "योगीराज तर आमाला म्हणला, मला पयल्यापासून ठाव होतं. म्हणला, मी काय तसला हाय का? टाइमपास करायलो होतो नुसता."

राजेश्रीनं मागं वळून पाहिलं. योगीराजची मान खाली होती. कान लाल झाले होते.

टाइमपास. तिला वाटलं होतं, सगळ्यात वाईट जे काही व्हायचं ते आपल्या हातून होऊन गेलंय. तसं नव्हतं तर. भर बाजारात, अनोळखी माणसांपुढं तिनं स्वतःचं सगळं मांडून ठेवलं होतं आणि समोरून हे आलं होतं. पण रागवावं तरी कोणत्या तोंडानं?

"बरं," ती एवढंच म्हणाली. ओढणी सावरली आणि गर्दीतून वाट काढायला लागली.

"खोटं बोललो मी!"

तो इतक्या मोठ्यानं ओरडला की पलीकडच्या पालातल्या लसूणवाल्यानंसुद्धा मान वर केली. योगीराज ओट्यावरून खाली उतरला होता, अनवाणी, हातात अजून रिकामं घमेलं.

"शेठ, खोटं बोललो मी," तो म्हणाला. फोनवर तिला गप्पांत हरवणारा हा माणूस आता शब्दाशब्दाला ठेचाळत होता. "तुमी हसायला लागलाव... मला लाज वाटली. म्हणून म्हणलो टाइमपास. टाइमपास न्हवता. हिचा फोन यायच्या येळंला मी... मी गिऱ्हाईक माघारी धाडायचो. आईला म्हणायचो धान्याच्या मोंढ्यात काम हाय, अन् मागं गोदामात जाऊन बसायचो, आवाज नीट यावा म्हणून. हिनं न इचारता आमचं बोलणं लोकांना ऐकवलं, ते चुकलंच हिचं. पर हिनं येऊन सांगितलं. मी तर हिला नुसतं गिऱ्हाईक म्हणलो, आत्ता, हिच्यासमोर..."

घमेलं खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

"मला ही पोरगी आवडतेय, शेठ," तो शेवटी म्हणाला. शेठकडं बघून म्हणाला, कारण तिच्याकडं बघून म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

भागवतशेठ उठले. "चला रं चला, दुकानं उघडी टाकून बसलाव," असं म्हणून त्यांनी एकेकाला उठवलं. जाता जाता योगीराजच्या हातातलं घमेलं त्यांनी काढून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. मेथीवाली बाई मात्र हलली नाही. शेवटी तिच्या नवऱ्यानं तिला ओढून नेलं.

आता ते दोघंच उरले, दोघं म्हणजे बाजारात जितकं दोघं असता येतं तितकं. आपण काय बोललो, कुठं बोललो, हे राजेश्रीच्या आत्ता ध्यानात यायला लागलं. ओढणी तिच्या तोंडावर आपोआप गेली.

"चेहरा तरी बघू द्या," तो म्हणाला. "एवढे दिस नुसता आवाज बघितला."

"नका बघू. मला मरणाची लाज वाटायली."

"मला बी."

ओढणीमागून तिनं एक डोळा उघडला. तो खरोखरच घामानं भिजला होता, त्या थंडीत. त्याला झुपकेदार मिशा नव्हत्या ते बरंच झालं, असं तिला वाटून गेलं.

"राजेश्री," तो एकदम सावध होऊन म्हणाला, "आता घरी चला माझ्या."

"आता? कामून?"

"तुमी बाजारात बोललाव. ती मेथीची बाई आमच्याच गल्लीतली हाय. ती घरी पोचून आईला सांगायच्या आत आपुन सांगायला पायजे. न्हाई तर आमची आई, कस्तुराबाई, मला उभा चिरंल."

"अन् काय सांगायचं आईंना?"

"ते..." त्यानं मान खाजवली. "जाता जाता ठरवू की. आधी तुमी काय म्हणायचं, मंग मी काय म्हणायचं..."

"न्हाई!" ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. "काही ठरवायचं न्हाई. तोंडाला येईल ते बोलायचं."

आणि ओढणी खांद्यावर टाकून ती तरातरा पुढं निघाली. चार पावलं गेल्यावर थांबली आणि लाजून मागं बघायला लागली, कारण घर कुठल्या गल्लीत आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.